पूर, इन्शुरन्स आणि स्टार्टर

आपल्या बाईक्सचा इन्शुरन्स बहुधा पोलिसाला दाखवण्यापुरता, म्हणजे थर्ड पार्टी! पुरात गाडी बुडाली तर त्यात दमडीही मिळत नाही. त्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीच लागते.

ती माझ्या काकांकडे होती. पण २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर त्यांनी कारला स्टार्टर मारला. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. कंपनी म्हणाली, हे नुकसान पुराचं नव्हे, स्टार्टरचं. क्लेम नामंजूर!

चूक काकांची, मान्य. पण पॉलिसी विकताना हे सांगायला नको? इंजिनसाठी वेगळं कव्हर मिळतं, हेही त्यांना नंतर कळलं.

म्हणून भिजलेली गाडी सुरू करू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा. नकार लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा. महिन्यात दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही नको. मुदत मात्र एक वर्ष. काकांनी ती रागातच घालवली. तुम्ही घालवू नका.