नाडीचा वळ

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या. पण विषय आजीचा आहे, इंग्लिशमध्ये लिहिलं तर तिला काय कळणार?

दिवाळीत पाथर्डीला गेले तेव्हा तिच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा वळ दिसला. "बायकांना असतोच गं!" असतोच, खरंय. पण २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच जागी झालेल्या त्वचेच्या कॅन्सरच्या दोन केसेस मांडल्या. एका सत्तरीच्या बाईंची जखम दीड वर्ष भरलीच नव्हती! धोतरामुळे होणाऱ्या कॅन्सरवर तर मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहिलंय. तेव्हा मुलांनो, हसू नका.

हा आजार क्वचितच होतो, घाबरायचं कारण नाही. फर्स्ट इयरचं सूत्र आठवा : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी, गाठ सैल, झालं! पण महिनाभरात न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवायलाच हवी. घोडं इथेच अडतं. कंबर दाखवायची लाज, म्हणून हळद लावून झाकायचं. रविवारी घरी फोन कराल तेव्हा आईला विचाराच. मेसच्या मावशींनाही.

आजीच्या परकराला मी रुंद पट्टी शिवून घेतली. ती म्हणते, "बाजारात सुटला तर तू येशील का धरायला?"