बॅग पाठीला विचारून भरा

मुलगा म्युनिकला किंवा मुलगी ॲमस्टरडॅमला, आणि आई-बाबा दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे, हे चित्र आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. सांगली, नाशिक, नागपूरच्या घरांतही ते दिसते. तिथे गेल्यावर मुले हौसेने चार दिवसांची सहल ठरवतात. लिस्बन, रोम, प्राग किंवा व्हेनिस. तिकीट स्वस्तातल्या विमान कंपनीचे असते आणि त्याबरोबर एक सूचनाही येते, ‘आई, या वेळी मोठी बॅग नाही हं. फक्त केबिन बॅग.’ मग घरात वाद सुरू होतो. चार दिवसांचे कपडे, औषधांचा डबा, शाल, चपला, वाटेत खायला चिवडा-लाडू हे सगळे एवढ्याशा पिशवीत बसवायचे कसे? पैसे वाचवण्यासाठी आपले हाल चालले आहेत असे आई-बाबांना वाटते आणि यांना काहीच सोडवत नाही असे मुलांना.

या वादात माझे मत मुलांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे. तिकिटाचे वाचलेले पैसे हा दुय्यम भाग झाला. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाची कंबर, मनगट आणि रोजची औषधे यांच्या दृष्टीने चार दिवसांच्या सहलीला एकच छोटी बॅग नेणे हा प्रतिबंधक उपचार आहे. तो तसा समजून घेतला, तर बॅगेत काय ठेवायचे आणि काय नाही हेही आपोआप ठरते.

आधी वजनाचे बघू. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेची मर्यादा बहुतेक वेळा २३ किलो असते. गंमत अशी की अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने वजन उचलण्याचे जे सूत्र १९९१ मध्ये सुधारले, त्यातही कमाल आकडा २३ किलोच आहे. पण हा आकडा आदर्श परिस्थितीतला. वस्तू शरीराला लागून हवी, साधारण कमरेच्या उंचीवर हवी, पकड चांगली हवी आणि कंबर वळता कामा नये. हात घोट्यांच्या रेषेपासून अर्धा मीटर पुढे गेले, की याच सूत्राप्रमाणे मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. आता विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यासमोर उभे राहा. बॅग पुढे निघून चाललेली, आपण वाकलेले, हात लांबवलेला आणि कंबर पिळलेली. सूत्रातल्या सगळ्या अटी एकाच वेळी मोडतात. तीही रात्रभराच्या किंवा पहाटेच्या प्रवासानंतर, स्नायू आखडलेले असताना.

पुढचा प्रश्न रस्त्यांचा. युरोपातली जुनी शहरे पायी चालणाऱ्या माणसासाठी आणि घोड्यांसाठी बांधली गेली. रोमच्या जुन्या भागात काळ्या दगडांचे छोटे चिरे बसवलेले रस्ते आहेत. लिस्बनच्या पदपथांवर चुनखडीचे पांढरे तुकडे आहेत. पावलांनी घासून ते गुळगुळीत झालेत आणि पावसात घसरतात. शिवाय अल्फामासारखी वस्ती म्हणजे चढ, उतार आणि पायऱ्या. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली. तिच्या जाळ्यात पूर्णपणे पायऱ्यांविना वापरता येईल असा मार्ग म्हणजे १९९८ मध्ये सुरू झालेला चौदावा. जुन्या इमारतींतल्या भाड्याच्या खोल्यांना लिफ्ट असेलच असे नाही.

इथे बॅगेची चाके मदत करतील असे वाटते, पण चाक जितके लहान तितका अडथळा ओलांडायला जोर जास्त लागतो, हा यंत्रशास्त्राचा साधा नियम आहे. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बोटाने ढकलता येणारी चार चाकांची बॅग चिऱ्यांच्या फटीत अडकते. मग ती तिरकी करून एका हाताने ओढायची किंवा उचलायची. शरीर एका बाजूला झुकते आणि तोल सांभाळायला कंबरेचे स्नायू दुसऱ्या बाजूने ताणून धरावे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक हात अडकतो. पायरीवर पाय घसरला तर कठड्याला धरायचे कशाने? रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांमध्ये पडताना हात टेकल्याने मनगट मोडणे ही नेहमीची दुखापत आहे. शेंगेन व्हिसासाठी काढलेला ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा प्लास्टरचा खर्च देईल. उरलेली सहल मात्र खोलीत बसून काढावी लागेल. दोन्ही खांद्यांवर नीट बसणारी पाच-सहा किलोंची सॅक असेल, तर दोन्ही हात मोकळे राहतात. माझ्या मते छोट्या बॅगेचा सर्वांत मोठा फायदा हाच.

औषधांचा मुद्दा तर वादाच्या पलीकडचा आहे. विमान कंपन्यांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या ‘सीता’ या संस्थेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ७.६ बॅगा उशिरा पोहोचल्या, हरवल्या किंवा खराब झाल्या. त्यातल्या बहुतेक नंतर मिळतात हे खरे. पण चार दिवसांच्या सहलीत तिसऱ्या दिवशी मिळालेली बॅग आणि न मिळालेली बॅग यांत फरक तो काय? रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्या अचानक थांबल्या, तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतो. अपस्माराच्या गोळ्या चुकल्या तर झटका येऊ शकतो. इन्सुलिन तर विमानाच्या पोटात ठेवूच नये, कारण तिथे ते गोठण्याची भीती असते आणि गोठलेले इन्सुलिन भरवशाचे राहत नाही. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. त्यामुळे चार दिवसांसाठी बर्फाचा डबा वाहण्याचीही गरज नाही, फक्त उन्हापासून जपावे.

‘तिकडे विकत घेऊ’ हा भरवसा फारसा कामाचा नाही. आपल्या गोळ्यांची बाजारातली नावे तिकडच्या औषध दुकानात ओळखीची नसतात, अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि जर्मनीत रविवारी पाळीवर असलेले दुकान शोधावे लागते. म्हणून औषधे मूळ पाकिटात, दोन दिवसांचा जादा साठा धरून, आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ ठेवावीत. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर काही देशांत निर्बंध असतात, ते आधी पाहावे.

त्यातही एक खाच आहे. विमान भरले की दारात केबिन बॅगाच काढून घेतल्या जातात आणि सामानात टाकल्या जातात. तेव्हा घाईघाईत औषधे शोधत बसायचे नसेल, तर औषधे, चष्मा, पासपोर्ट आणि पॉवर बँक एका छोट्या पाऊचमध्ये सर्वांत वर ठेवावी. पॉवर बँक तर बाहेर काढायलाच हवी; तिच्यातली लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती विझवता येते, सामानाच्या कप्प्यात नाही.

द्रवपदार्थांवरचा १०० मिलिलिटरचा नियम २००६ चा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघड झाला आणि नोव्हेंबरपासून युरोपभर हा नियम लागू झाला. नवी स्कॅनर यंत्रे आल्याने काही विमानतळांवर तो सैल होतो आहे, पण जाताना आणि येताना विमानतळ वेगळे असतात, म्हणून १०० मिलिलिटरच धरून चालावे. लोणचे आणि चटणीही द्रवातच मोजली जाते. मेतकूट आणि चिवडा नाही. प्रवासात लागणाऱ्या पातळ औषधांना या मर्यादेतून सूट आहे, तपासणीत ती वेगळी दाखवावी लागतात एवढेच.

राहिले कपडे. थंडीची भीती बॅग फुगवते. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा त्यात अडकलेल्या स्थिर हवेने मिळते, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा एकावर एक घातलेले तीन पातळ थर चांगले. ते दुपारी एकेक करून काढता येतात आणि घामाने भिजणे टळते. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि गार खोलीत रात्रभरात वाळत नाही. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ कपडे बेसिनमध्ये धुऊन सकाळी घालता येतात. चार दिवसांना तीन जोड पुरे. जाड कोट आणि बूट अंगावरच न्यावेत. बूट नवे नकोत, सवयीचे हवेत.

आता दुसरी बाजू. स्वस्त विमानांत फुकट नेता येणारी बॅग साधारण ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटरची असते आणि ती समोरच्या आसनाखाली ठेवायची असते. म्हणजे पायांची जागा गेली. दोन-अडीच तासांना हे चालते. पण चार तासांहून लांब प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात दिसले. म्हणून मुंबईहून युरोपला जाताना मात्र बॅग वरच्या कप्प्यात आणि पाय मोकळे. ती वर ठेवण्यासाठी मदत मागायला संकोच नको. डोक्यावर वजन उचलणे हे खांद्यासाठी सर्वांत वाईट काम आहे.

पर्यावरणाचा गवगवाही जरा बेतानेच करावा. दोन-अडीच तासांच्या उड्डाणात १५ किलो वजन कमी केले, तर ढोबळमानाने किलोभर इंधन वाचते. त्याच उड्डाणात प्रवाशामागे ३० किलोंच्या आसपास जळालेले असते. वसुंधरेचे भले करायचे असेल, तर शक्य तिथे रेल्वेने जावे.

आणि ‘कमी सामान’ हा गुण विमान कंपन्यांनी आपल्यावर शुल्काच्या जोरावर लादावा, हेही मला मान्य नाही. वाजवी आकाराचे हाती सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, त्यासाठी जादा पैसे नकोत, असे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटले होते. स्पेनने २०२४ मध्ये याच प्रकारच्या आकारणीसाठी पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. तान्हे मूल बरोबर असणारे, चाकाची खुर्ची वापरणारे किंवा झोपेतल्या श्वासाच्या त्रासासाठी यंत्र नेणारे यांनी छोट्या बॅगेच्या हट्टापायी गैरसोय सोसू नये. वैद्यकीय उपकरणे बहुतेक कंपन्या सामानात मोजत नाहीत, पण आधी कळवावे लागते.

बाकीच्यांसाठी एक सोपी चाचणी आहे. भरलेली बॅग घेऊन आपल्याच इमारतीचे तीन जिने चढा. थांबावे लागले नाही, कठडा धरायला एक हात मोकळा राहिला आणि वर गेल्यावर दोन वाक्ये नीट बोलता आली, तर बॅग बरोबर भरली आहे. नाही तर काहीतरी काढा. औषधे सोडून काहीही.