अनुत्तरित प्रार्थना आणि तिचे वकील

मृग कोरडा जाऊन आर्द्राही निम्मी सरली आणि टोबलेल्या सरकीचे कोंब मातीतच करपू लागले, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या परिसरात देवाचे नाव सर्वांच्याच मुखी येते; कोणी मुसळाला बेडूक बांधून धोंडी काढतात, कोणी उघड्या माळावर पावसासाठी नमाज अदा करतात, आणि जिल्ह्यात विखुरलेली थोडी ख्रिस्ती कुटुंबे आपापल्या घरी गुडघे टेकतात. पाऊस पडला तर वादाला कारणच उरत नाही. तो न पडता दुबार पेरणी अंगावर आली आणि बियाण्याची उधारी दुप्पट झाली, म्हणजे मात्र ‘ऐकणारा आहे तरी कोठे?’ हा प्रश्न उभा राहतो. आणि मागणाऱ्यास मिळेल असे अभिवचन खुद्द येशूच्या मुखातून आल्याची नोंद मत्तयाच्या शुभवर्तमानात असल्यामुळे तो ख्रिस्ती माणसाला अधिक अडचणीत टाकतो. या प्रश्नाला जी उत्तरे प्रचारात आहेत त्यांपैकी बहुतेक आम्हांस त्याज्य वाटतात, आणि त्यांत विरोधकांइतकाच वाटा आमच्या स्वपक्षीयांचाही आहे.

विरोधकांचा पक्ष प्रामाणिक आहे. 1872 साली इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने असा हिशेब मांडला की, ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी दर रविवारी अख्खे राष्ट्र प्रार्थना करते ते राजे इतर सुखवस्तू वर्गांच्या मानाने अल्पायुषीच ठरतात. आणि 2006 साली अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष असा निघाला की, आपल्यासाठी खात्रीने प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यातील 59 टक्क्यांना उपद्रव झाले, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना होत असूनही त्यांना तिची खात्री नव्हती त्यांच्यातील 52 टक्क्यांना. हे आकडे आम्ही नाकारीत नाही. त्यांनी एवढेच सिद्ध होते की प्रार्थना हे मात्रा ठरवून द्यावयाचे औषध नव्हे. आणि जो भाविक तिला औषध समजतो त्याचा भ्रमनिरास या आकड्यांनी झाला तर तो इष्टच म्हणावा.

याहून चतुर, आणि म्हणूनच अधिक घातक, उत्तर मंडळीच्या आतून येते. देव प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देतोच, असे उपदेशक सांगतात. कधी अर्ज मंजूर होतो, कधी नामंजूर, कधी तहकूब. ऐकावयास हे गोड आहे. परंतु ज्या कचेरीत अर्जाचे काहीही झाले तरी तो निकालातच निघाला असे समजावयाचे, तेथे कारकून जागेवर आहे की खुर्ची रिकामी आहे, हे अर्जदाराने ओळखावे तरी कशावरून? कोणताही अनुभव ज्या विधानाच्या विरुद्ध पुरावा ठरू शकत नाही, ते विधान अनुभवाविषयी काहीच सांगत नाही. मूल दगावलेल्या आईला ‘हेही उत्तरच होय’ असे सांगणे हे सांत्वन नव्हे. तिची फिर्याद ऐकून न घेताच खारीज करण्याचा तो प्रकार आहे.

आणि तिसरे उत्तर तर निखालस क्रूर. तुमचा विश्वास उणा पडला. घरात काही गुप्त पाप असेल. आणखी उपास करा, रात्रभर जागून विनवा. हे बोलणारे पुष्कळदा भले लोक असतात, ही यातील आणखी एक खेदाची बाब. ज्याचे पीक गेले त्याचा विश्वासही गेला असे ठरविणारा हा न्याय यवतमाळसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात लावावयाचा, तर ज्याच्या विहिरीला पाणी तोच नीतिमान, असा अभिप्राय निघेल! त्याच यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरीतून 1953 पासून तीस वर्षे धर्मशास्त्राचे अध्यापन चालले, हे लक्षात घेता या शहाणपणाला अज्ञानाची सबबही पुरत नाही.

आता ज्या आक्षेपाला उत्तर देणे खरोखर कठीण, त्याकडे वळू. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण ही 1874 पासूनच्या दोनतीन वर्षांत, दक्षिणेतील दुष्काळाच्या दिवसांत, एकामागून एक गेली. उपास, पारायणे, तीर्थस्नाने, ब्राह्मणांना दाने हे सर्व यथासांग करूनही देवांनी साद दिली नाही, आणि त्या मौनात आपली वडिलार्जित श्रद्धा कशी ढासळत गेली, हे रमाबाईंनी 1907 च्या आपल्या साक्षीत लिहून ठेविले आहे. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात 1905 साली प्रार्थनेची जी लाट उसळली तिची वार्ता परदेशांपर्यंत गेली. आणि 1921 च्या जुलैत त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा चाळिशीतच निवर्तली. तिच्यासाठी त्या सदनात प्रार्थना झाली नसेल असे कोण म्हणेल? तेव्हा प्रतिपक्षी विचारतो, वडिलांच्या देवाला एक न्याय आणि ख्रिस्ताला दुसरा, हे कसे?

आमचे म्हणणे असे की न्याय एकच लावावा. अमुक पाठ, अमुक दान, की अमुक फळ, अशी जी कबुलायत अनंतशास्त्र्यांना खरी वाटली ती दुष्काळात फसली. आणि हीच कबुलायत ख्रिस्ताच्या नावे लिहून घेणाऱ्याचीही तशीच फसगत व्हावी, त्याला सवलत नको. दोष एका धर्माचा नव्हे, व्यवहाराचा आहे. याच महाराष्ट्रात 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, पण त्यांनी विठ्ठलाशी भांडण मांडले, संबंध तोडला नाही; आणि नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, त्यात आम्हांस नवल वाटत नाही.

मग ख्रिस्तच का? कारण येथे ज्याच्याकडे मागावयाचे तो स्वतः नकार मिळालेल्यांच्या पंक्तीत बसला आहे. गेथशेमाने बागेत, शिष्य झोपी गेले असता, हा प्याला टळावा म्हणून येशूने तीनदा विनविले, आणि प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याने जो आक्रोश केला तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा, म्हणजे पूर्वीच्या कोणा अनुत्तरिताचाच. पौलाने शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा मागणे केले; काटा राहिला. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि त्याला आशेचे एखादे कडवे जोडून देण्याचा मोह संपादकांनी टाळला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. ज्या ग्रंथाने आपल्याच प्रभूची नाकारलेली विनंती लपविली नाही, त्याच्या अनुयायांनी आपल्या नाकारलेल्या विनंत्यांवर रंगसफेदी करण्याचे प्रयोजन काय? पावसासाठी केलेल्या प्रार्थनेने पाऊस पडेलच असे आम्ही म्हणत नाही. तो न पडला असताही ज्याच्यासमोर तक्रार मांडावी असा कोणी आहे, आणि तो त्या तक्रारीला आतून ओळखतो, एवढेच आमचे प्रतिपादन. ते कोणाला अपुरे वाटले तर आम्ही हुज्जत घालणार नाही. रमाबाईंपुरते बोलावयाचे तर, मनोरमाबाईंच्या मागे त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत. पण त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले मराठी बायबल 1924 साली केडगावीच छापून निघाले.

तेव्हा दुःखिताच्या घरी विश्वासाची झडती घेण्यास जाणाऱ्या आमच्या धर्मबांधवांना विनंती एवढीच की त्यांनी ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. अलीफज, बिल्दद व सोफर हे सात दिवस व सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर निमूटपणे बसले, तोवर त्यांच्याकडून प्रमाद घडला नाही. तो घडला ते बोलू लागल्यावर. अखेरीस देवाचा कोप झाला तो फिर्याद करणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची वकिली करणाऱ्या या तिघांवर. आणि सात गोऱ्हे व सात एडके घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, असे त्यांना फर्मावण्यात आले.