रत्नांचे शोधन : आधी परीक्षण हवे

जाणकार जवाहिऱ्याकडे माणकाची किंवा पाचूची अंगठी स्वच्छ करण्यास दिली, तर तो ती लगेच द्रावणात टाकत नाही. भिंगाखाली खडा पाहून तो आधी विचारतो, ‘यावर काही प्रक्रिया झालेली आहे काय?’ ज्या खड्यास केवळ बोटावर राहावयाचे आहे, त्याच्याविषयी ही दक्षता. आणि जो खडा पिष्टी वा भस्माच्या रूपाने रुग्णाच्या पोटात जाणार, त्याच्याविषयी हा प्रश्न आमच्यापैकी किती जण विचारतात? प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच प्रश्न मांडण्याचा आहे.

जवाहिऱ्याच्या दक्षतेमागील कारणे पाहण्याजोगी आहेत. पाचूत स्वभावतःच भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल, बहुधा देवदारवर्गीय वृक्षाचे, किंवा कृत्रिम राळ भरतात. असा पाचू अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा वाफेने स्वच्छ केला की भरलेले तेल निघून जाते आणि भेगा उघड्या पडतात. मोती आणि पोवळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. लिंबू, व्हिनेगर, इतकेच काय, घामही त्यांची झळाळी घालवतो. म्हणून मोत्याची नथ किंवा तन्मणी ओलसर मऊ फडक्याने पुसावा, रेशमात गाठवलेला सर पाण्यात बुडवू नये, अत्तर-प्रसाधने आटोपल्यावरच मोती अंगावर घालावेत, असे वडीलधाऱ्या स्त्रिया सांगत आल्या आहेत. कुंदनाच्या दागिन्यात खड्यामागे वर्ख आणि लाख असते. तो गरम पाण्यात घालता येत नाही. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ कुंचला निर्धास्तपणे वापरता येतो तो प्रक्रिया न केलेल्या माणिक-नीलमासारख्या कठीण रत्नांवरच.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. रसरत्नसमुच्चयात माणिक्याचे शोधन अम्लाने, मौक्तिकाचे जयंतीरसाने, विद्रुमाचे क्षारवर्गाने, तर तार्क्ष्याचे, म्हणजे पाचूचे, गोदुग्धाने सांगितले आहे. अम्लात जे विरघळते त्या मोत्या-पोवळ्यास येथे अम्ल सांगितलेले नाही, आणि अम्लास जे दाद देत नाही त्या माणकास ते सांगितले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. द्रव्यस्वभाव ओळखून केलेली ही योजना आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ती योजना खऱ्या आणि अविकृत रत्नासाठी होती. आजच्या बाजारातील रत्न बहुधा तसे नसते.

माणकाचे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. सुमारे २००४ पासून भेगाळलेल्या, हलक्या प्रतीच्या माणकांत शिशाचे प्रमाण अधिक असलेली काच वितळवून भरण्याची पद्धत बाजारात रूढ झाली. असे माणिक अल्प किमतीत मिळते आणि साध्या डोळ्यांस सुंदर दिसते. ते लिंबाच्या रसापासून दूर ठेवा, असे रत्नतज्ज्ञ बजावतात. कारण त्या रसाने भेगांतील काच झिजते आणि पांढुरकी पडते. आमचे शोधन तर त्याच निंबूरसात, दोलायंत्रात होते! पृष्ठभागावरील काच रसात झिजेल. परंतु आतल्या भेगांत राहिलेली काच खलात खड्याबरोबरच वाटली जाईल. अग्निपुटाने राळ जळेल. शिसे नाहीसे होणार नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘शोधनाने दोष जातात, मग चिंता कशाची?’ आमचे उत्तर शास्त्रातलेच आहे. नाग हा धातू स्वतंत्र शोधन-मारण केल्यावाचून आपण कधीही पोटात देत नाही. मग काचेत दडलेला अशोधित नाग माणिक्यपिष्टीतून किंवा जवाहर मोहऱ्यातून नकळत गेला, तर त्यास कोणत्या शास्त्राचा आधार सांगणार? शिवाय ग्रंथकारांनी शोधनापूर्वी ग्राह्य-अग्राह्य रत्नांची लक्षणे सांगितली आहेत. परीक्षण प्रथम, शोधन नंतर, हा क्रम त्यांचाच आहे.

२००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शास्त्रोक्त रीतीने सिद्ध केलेल्या रसौषधींची बाजू आपण मांडू शकतो, आणि मांडावी. परंतु जे शिसे पाठात नाही, घटकांच्या यादीत नाही आणि निर्मात्यासही ठाऊक नाही, त्याची बाजू कोण मांडणार?

म्हणून औषधिनिर्मात्या बंधूंस आमच्या काही सूचना आहेत. जडावाच्या कामातील तुकडे आणि पैलू पाडताना उरलेला चुरा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. शक्यतो अखंड कच्चे खडे घ्यावेत. माणिक आणि पाचू यांच्या प्रत्येक खरेदीतील नमुना रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, आणि अहवालात केवळ रत्नाचे नाव नव्हे, तर त्यावरील प्रक्रियेचाही उल्लेख मागावा. दसपट भिंगाखाली भेगांत बुडबुडे किंवा निळसर चमक दिसली, तर तो माल परत करावा. पोवळ्यावर अॅसिटोनमध्ये भिजविलेला कापूस फिरवावा. कापूस रंगला तर ते रंगविलेले समजावे. कापूस कोरा राहिला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. मोती फोडून पाहावा; आत काचेचा मणी निघाला तर तो मोतीच नव्हे. तयार पिष्टीची शिशासाठी तपासणी करून तिची नोंद त्या घाण्याच्या कागदपत्रांत ठेवावी.

चिकित्सक बंधूंसही एक विनंती आहे. एखादा रुग्ण श्रद्धेने आजीच्या नथीतील मोती किंवा अंगठीतील माणिक आणून ‘याचेच औषध करून द्या’ असे म्हणतो. त्या खड्याचा पूर्वेतिहास आपणांस ठाऊक नसतो. अशा वेळी त्यास नम्रपणे नकार द्यावा आणि तो दागिना जपावा कसा, एवढे सांगावे. रुग्णाचा दागिनाही वाचेल आणि आपले शास्त्रही.

जवाहिऱ्याची चूक झाली तर खड्याचे तेज जाते. आमची झाली तर रुग्णाचे आरोग्य जाते. जवाहिऱ्याइतकी तरी दक्षता आम्ही घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नसावी.