अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

मनोरीच्या धक्क्यावर सकाळच्या बोटीची वाट पाहत उभे राहिले की खाडीपलीकडे मार्वे दिसते, आणि त्यामागे मालाडच्या उंच इमारती. गावठाणातले वडिलोपार्जित घर भावंडांच्या संसारांना अपुरे पडले म्हणजे धाकट्याने पलीकडे भाड्याची खोली शोधावी, हा आता परिपाठच झाला आहे. ही खोली त्याला मिळते ती बहुधा अकरा महिन्यांसाठी. बाराव्या महिन्याचे काय, हे घरमालक आणि दलाल ठरवितात.

भाडेनियंत्रणाविषयी लोकमत म्हणून जे आपल्या कानी येते, त्यात या अकरा महिन्यांच्या बिऱ्हाडकरूचा आवाज नसतो. तेथे भांडतात ते गिरगाव-दादरकडील पागडीचे भाडेकरू आणि त्यांचे मालक. 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठविली. युद्धकाळातील टंचाई आणि फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे पाहता तो निर्णय अवाजवी नव्हता. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य ठरल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा कोठे 1999 चा नवा कायदा झाला आणि 31 मार्च 2000 पासून अंमलात आला. त्याने वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली. 2000 साली एखाद्या खोलीचे भाडे 50 रुपये असेल, तर चक्रवाढीने धरूनही ते 2025 साली 133 रुपयांच्या आसपास पोहोचते. एवढ्या पैशांत गवंड्याची एक दिवसाची मजुरीही भागत नाही. मग वाडा कोसळला की दोष कोणाचा, याची चर्चा दर पावसाळ्यात नव्याने रंगते.

मोठ्या क्षेत्रफळाच्या जागा या संरक्षणातून वगळण्याचा प्रस्ताव 2016 साली पुढे आला आणि विरोध होताच बासनात गेला. दिल्लीत तर 1995 साली संसदेने संमत केलेला भाडेकायदा व्यापारी भाडेकरूंच्या दडपणामुळे कधी अंमलातच आला नाही. संघटित भाडेकरूचे मत सरकारला ऐकू येते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

उपनगरांची कहाणी मात्र निराळी आहे. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा मार्ग शोधला. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जागेत राहणाऱ्या अशा परवानाधारकांना शासनाने भाडेकरू ठरविले. हेतू चांगलाच होता. परिणाम असा झाला की पुढे अनेकांनी रिकाम्या जागांना कुलूप लावणे पसंत केले. (कुलूप भाडे मागत नाही आणि न्यायालयातही जात नाही.) 1999 च्या कायद्यात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येते आणि तोवर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. शुल्क किती असावे, अनामत किती घ्यावी, यावर मात्र वास्तविक अंकुश नाही.

म्हणजे एकाच शहरात एकाला पिढ्यान्‌पिढ्यांचे अभय आणि दुसऱ्याला वर्षभराचाही भरवसा नाही! पहिल्याचे अभय काढून घेतल्याने दुसऱ्याला घर मिळेल, ही समजूत भाबडी आहे. जुन्या इमारतीतील निवृत्त शिक्षकाला बाजारभावाने भाडे भरणे शक्य नाही; त्याचा भार मालकाच्या खिशावर न टाकता शासनाने उचलावा आणि सधन भाडेकरूला मात्र वाजवी भाडे भरावयास लावावे. परवान्याची किमान मुदत तीन वर्षांची असावी, मधल्या काळातील वाढ ठराविक राहावी आणि अनामत दोन महिन्यांच्या शुल्काहून अधिक नसावी. मुदत संपताच जागा परत मिळण्याची मालकाची आजची हमी अर्थातच कायम राहावी. ती गेली तर कुलपे परत येतील.

हे मागणार कोण, हाच प्रश्न आहे. यंदा मालाडला, पुढल्या वर्षी कांदिवलीला, त्यानंतर विरारला असा जो फिरत राहतो, त्याची चाळ कमिटी नसते आणि मतदारयादीतले नाव बहुधा जुन्या पत्त्यावरच राहते. मते मागायला येणारा उमेदवार त्या पत्त्यावर जातो, तेव्हा दार उघडतो तो पुढला बिऱ्हाडकरू.