उन्हाळ्यात घेतलेले घर

इंग्लंडमध्ये घरांची पाहणी वसंतात आणि उन्हाळ्यात जोरात चालते. परसात गुलाब फुललेले असतात, रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, खिडक्या उघड्या असतात. अशा वेळी घर पाहणारा माणूस स्वयंपाकघर पाहतो, स्टेशन किती दूर ते विचारतो, शाळेची चौकशी करतो. भिंतीलगतच्या पांढऱ्या रेडिएटरवर हात ठेवून पाहण्याचे त्याच्या मनातही येत नाही. आणि आले तरी तो थंडच लागणार, कारण त्या दिवसांत तो बंदच असतो. दोष उघडकीस येतो तो ऑक्टोबरात, म्हणजे दस्त होऊन, पैसे चुकते होऊन तीन-चार महिने लोटल्यावर.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या तरुण जोडप्यांना ही गोष्ट अधिक अवघड जाते. ज्यांच्या लहानपणी थंडी म्हणजे एक जादा रजई, त्यांना घर तापवण्याची यंत्रणा हा घराचा अवयव आहे हे सहजी उमगत नाही. इकडे गीझर बिघडला तर गॅसवर पातेले चढवून भागते. तिकडे यंत्रणा बंद पडली की भिंतींना ओल धरते, बुरशी येते, कडाक्यात नळ गोठून फुटतात. तान्हे मूल वा वृद्ध माणूस घरात असेल तर एक रात्रही जड जाते. शिवाय अशा घराच्या पहिल्या रकमेत पुष्कळदा इकडच्या दुकानातला पैसा असतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि अनेक वडील ती मुलांच्या घरासाठी पाठवतात. फॉर्म भरताना विनिमयदराचा पैसापैसा तपासणारे हे गृहस्थ ‘घर तापते का’ हा प्रश्न मात्र विचारत नाहीत. माल न पाहता हुंडी सकारावी, तसेच हे.

लेस्टरमधील एखादे विटांचे जुने चाळवजा घर डोळ्यांसमोर आणावे. पूर्व आफ्रिकेतून आलेली गुजराती व्यापारी कुटुंबे ज्या शहरात स्थिरावली, तेच हे गाव. जोडप्याने जूनमध्ये घर घेतले. स्नानाला गरम पाणी उत्तम येत होते, त्यामुळे बॉयलर ठणठणीत आहे अशी त्यांची समजूत झाली. ऑक्टोबरात पहिल्यांदा कळ फिरवली. बॉयलर गुरगुरला आणि रेडिएटर थंडच राहिले.

ही समजूत का फसवी ठरते, ते यंत्राच्या रचनेत आहे. तेथील बहुसंख्य घरांत गॅसवरचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते नळ्यांतून रेडिएटरांत फिरवतो आणि गार झालेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. ‘कॉम्बी’ जातीचा बॉयलर हेच काम करता करता नळालाही गरम पाणी पुरवतो. त्यासाठी आत वाट बदलणारी एक झडप असते. ती नळाच्या बाजूला अडकून बसली, तर स्नानाचे पाणी वाफाळते आणि खोल्या मात्र गारठतात. सारा उन्हाळा या बिघाडाचा पत्ता लागत नाही.

झडप बदलणे तुलनेने किरकोळ. खरी चिंता असते ती नळ्यांतील काळ्या गाळाची. पाणी आणि लोखंड यांच्या संगतीने लोहाचा काळा ऑक्साइड तयार होतो आणि रेडिएटरच्या तळाशी बसतो. रेडिएटर वर गरम आणि खाली थंड लागला तर गाळ आहे असे समजावे. खाली गरम आणि वर थंड लागला तर हवा अडकली आहे, ती छोट्या किल्लीने दोन मिनिटांत निघते. दोन्ही तक्रारी सांगताना माणूस एकच वाक्य बोलतो, ‘रेडिएटर नीट तापत नाही’. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. गाळ धुऊन काढण्यास कारागिराचा दिवस जातो, आणि तोवर तो बॉयलरच्या उष्णताविनिमयकात शिरला असेल तर नव्या बॉयलरचाच विषय निघतो. तो बसवून दोन-तीन हजार पौंडांच्या घरात जातो.

दाबाच्या काट्याकडेही पाहावे. यंत्रणा थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारवर असतो. दर आठवड्याला तो खाली येत असेल तर कोठेतरी गळती आहे, किंवा प्रसरणपात्रातील पडदा फाटला आहे. येथे विकणाऱ्याची एक हातचलाखी चालू शकते: पाहणीच्या सकाळी पाणी भरून काटा जागेवर आणणे. जुन्या गाडीचा रंग चकाकता करून ती बाजारात उभी करावी, त्यातलाच हा प्रकार.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल २००५ पासून तेथे बहुतेक सर्व नवे गॅस-बॉयलर ‘कंडेन्सिंग’ पद्धतीचेच बसवावे लागतात. त्यांतून निघणारे पाणी बारीक नळीने बाहेर जाते, आणि ती नळी भिंतीबाहेर असेल तर जानेवारीच्या कडाक्यात गोठते. बॉयलर आपोआप बंद पडतो. नळीवर कोमट पाणी ओतले की तो पुन्हा चालू होतो. अशा वेळी जुन्या मालकाला फसवणुकीची नोटीस धाडणे हा अन्याय होईल.

आता पैशाचा प्रश्न. घर तपासायला सर्व्हेयर नेमला होता ना? होता, परंतु सामान्य पाहणीत तो बॉयलर डोळ्यांनी पाहतो, चालवून त्याची चाचणी घेत नाही, आणि अहवालात तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे असे लिहितो. ते वाक्य ग्राहक वाचत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने मूल्यांकन केले होते, हा दुसरा दिलासाही पोकळ. मूल्यांकन तारणासाठी असते. कर्ज बुडाले तर घर विकून किती वसूल होईल एवढेच त्यात पाहतात. कर्जदाराला थंडी वाजेल की नाही याचा त्यात रकाना नसतो. पुण्यातल्या वा सांगलीतल्या बँकेतही तो नसतो.

इंग्लंडच्या कायद्यात घराच्या भौतिक दोषांबाबत ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हेच जुने सूत्र आहे. विकणारा गप्प राहिला तर सहसा तो दोषी ठरत नाही. पण तो बोलला आणि खोटे बोलला, तर चित्र पालटते. म्हणूनच तेथे लॉ सोसायटीचा टीए ६ नावाचा माहितीफॉर्म वापरतात. तापवण्याची यंत्रणा कोणती, कधी बसवली, ती चांगल्या चालू स्थितीत आहे का, शेवटची देखभाल कोणत्या वर्षी झाली, असे प्रश्न त्यात असतात. ‘चालू स्थितीत आहे’ या उत्तरावर विसंबून घर घेतले आणि ते उत्तर असत्य निघाले, तर १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन ॲक्टखाली भरपाई मागता येते. आपले म्हणणे खरे आहे असे मानण्यास आपल्याजवळ वाजवी कारण होते, हे सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर पडतो.

उत्तर देताना खरे होते, नंतर खोटे झाले, तर? व्यापाऱ्यांना रुचेल असा एक खटला येथे आठवतो: विथ विरुद्ध ओ’फ्लानगन, १९३६. एका डॉक्टरने १९३४ च्या जानेवारीत आपल्या दवाखान्याचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड असल्याचे सांगितले. तेव्हा ते खरे होते. करार झाला मे महिन्यात. मधल्या काळात डॉक्टर आजारी पडला, रुग्ण पांगले, उत्पन्न आठवड्याला पाचेक पौंडांवर आले, आणि त्याने ते कळवले नाही. न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला: बदललेली वस्तुस्थिती करारापूर्वी सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य होते. एप्रिलमध्ये फॉर्म भरला आणि मे महिन्यात बॉयलर बंद पडला, तर तेथेही हाच न्याय लागतो.

आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मध्ये घोड्याचे उदाहरण आहे. सदोष घोडा लिलावात विकताना मालक गप्प राहिला तर ती फसवणूक नव्हे. पण घेणाऱ्याने ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष असे मी धरून चालेन’ असे म्हटले आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासमान होते. स्थावराबाबत तर भारतीय कायदा विकणाऱ्याशी अधिक कडक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उलट करार नसेल तर, आपल्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष न विचारताही उघड करावा लागतो. लेस्टरचे जोडपे या आपल्याकडच्या समजुतीवर निर्धास्त राहिले असेल, तर त्यात नवल नाही.

त्यांच्या दाव्याचे बळ आता कागदांवर. गॅसचे काम करणाऱ्याची नोंद ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये असावीच लागते, १ एप्रिल २००९ पासून ही नोंदवही ‘कॉर्गी’च्या जागी आली. असा कारागीर धोकादायक यंत्रावर इशाऱ्याची चिठ्ठी लावतो आणि मालकाला लेखी सूचना देतो. आधीच्या वर्षीची अशी सूचना वा देखभालीच्या वहीतला शेरा हाती लागला, तर जुन्या मालकाला ठाऊक होते हे दाखवता येते. नव्या कारागिराचा लेखी अहवाल दुरुस्तीपूर्वी घ्यावा. दुरुस्ती झाल्यावर दोषाचा पुरावाच पुसला जातो. मात्र ज्योत पिवळी दिसत असेल तर पुराव्याची वाट पाहत बसू नये; गॅस बंद करावा, कारण रंग-गंध नसलेला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस मारतो. १०,००० पौंडांपर्यंतचे पैशाचे दावे तेथे लहान दाव्यांच्या मार्गाने चालतात, वकिलाचा खर्च मात्र सहसा परत मिळत नाही. त्यामुळे दोन्ही सॉलिसिटरांच्या पत्रव्यवहारात निम्म्या खर्चावर तडजोड झाली, तर ती स्वीकारण्यात व्यवहार आहे. बॉयलरची हमी शिल्लक आहे का, तेही पाहावे. ती बहुधा दरवर्षीच्या देखभालीच्या अटीवर टिकते.

जून महिन्यात घर पाहायला गेल्यावर मालकाला तापमानाचा काटा पूर्ण वर करायला सांगावे. तो हसेल. तासाभराने प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरवर वरून खालपर्यंत हात फिरवावा, दाबाचा काटा पाहावा, देखभालीच्या पावत्या मागाव्यात. करारांची अदलाबदल होण्यापूर्वीच हे व्हायला हवे. त्या दिवशी साधारण दहा टक्के रक्कम गुंतते आणि त्यानंतर मागे फिरणाऱ्याला ती गमवावी लागू शकते.