पाना कुणाच्या हातात?

"मॅडम, दिवाळीच्या आत ह्या रिंगा निघतील ना?"

दौंडच्या ओपीडीत समोर बसलेली ती ताई विचारत होती. वय चाळिशीच्या आसपास. डाव्या पायाला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत स्टीलच्या गोल रिंगा, त्यातून आरपार गेलेल्या तारा. वर साडीचा घोळ नीट ओढून घेतलेला, कुणाला दिसू नये म्हणून. (ओळख पटू नये यासाठी तिचे काही तपशील बदलले आहेत.)

मी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि माझ्या पोटात गोळा आला. जे हाड रोज थोडं थोडं सरकायला हवं होतं, ते मध्येच थांबून घट्ट झालं होतं. "ताई, पाना फिरवायचा बंद केला होता का?"

ती खाली बघत म्हणाली, "बारा दिवस राह्यलं. गौरी-गणपती होते हो. घरात पंधरा माणसं. दिवसातून चारदा पाना घेऊन कुठं बसू?"

मैत्रिणींनो, आज मला ह्या बारा दिवसांबद्दलच लिहायचंय.

मी हाडांची डॉक्टर. एमबीबीएस झालं, मग अस्थिरोग शाखेत एमएस झालं, आणि त्यानंतरही एक वर्ष 'फेलो' म्हणून काम केलं. फेलो म्हणजे शिकून झालेला, तरीही शिकणारा डॉक्टर. माझा विषय होता अपघातातल्या गंभीर जखमा आणि मोडलेले, तुटत आलेले हातपाय पुन्हा उभे करणं. "हाडांचं काम म्हणजे सुतारकाम, बाईला झेपायचं नाही," हे तेव्हा पुष्कळ ऐकलं. झेपलं. ताकदीपेक्षा तिथं चिकाटी जास्त लागते, आणि ती आपल्याकडे भरपूर असते.

माझं माहेर शिरूरचं, घोडनदीकाठचं. आता आठवड्यातून एकदा दौंडला रुग्ण बघते. एकीकडे पुणे-नगर रस्ता, दुसरीकडे पुणे-सोलापूर महामार्ग, मधे न्हावरा-चौफुल्याचा रस्ता. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतली वाहतूक, गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर. त्या ताईचा अपघातही तसाच झाला होता. संध्याकाळची वेळ, नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली, आणि रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. नवरा खरचटण्यावर बचावला. हिची नडगी मोडून हाड बाहेर आलं. जखमेवर कुणीतरी हळद दाबली आणि दवाखान्यात पोचायला रात्र झाली. पुढे जखम चिघळली, हाडाचा मेलेला तुकडा काढावा लागला. पाच सेंटिमीटरची पोकळी पडली.

पूर्वी अशा वेळी पाय कापायचीच वेळ यायची. आज तो बऱ्याचदा वाचतो, आणि त्यामागे एका रशियन डॉक्टरचे मोठे कष्ट आहेत. गावरिल इलिझारोव्ह सायबेरियातल्या कुर्गान भागात काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेले कितीतरी सैनिक त्यांच्याकडे येत. १९५०च्या सुमारास त्यांनी रिंगा आणि तारांची ही रचना तयार केली. त्यांना उमगलं ते असं, की हाड नीट कापून काही दिवस तसंच ठेवलं आणि मग अगदी हळूहळू ताणलं, तर मधल्या जागेत शरीर स्वतःच नवं हाड भरतं. वेग दिवसाला एक मिलिमीटर. जास्त घाई केली तर हाड भरत नाही, रेंगाळलात तर ते मध्येच जुळून बसतं. १९८०मध्ये कार्लो मौरी या इटालियन गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षं न जुळलेला पाय त्यांनी बरा केला, तेव्हा कुठे पश्चिमेकडच्या देशांचं लक्ष तिकडे गेलं. पुढे ही पद्धत आपल्याकडेही आली. आपल्याच अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरींनी याच कामाचं केंद्र उभं केलं. म्हणजे हे काही फक्त मुंबई-पुण्याचं किंवा परदेशाचं राहिलेलं नाही.

पण गंमत बघा. ऑपरेशन तीन-चार तासांचं, आणि उपचार आठ-दहा महिन्यांचा. तो होतो घरात. दिवसातून चार वेळा, दरवेळी पाव फेरी, असा नट फिरवायचा. चार पाव फेऱ्या म्हणजे एक मिलिमीटर. तारा जिथून आत जातात ती जागा स्वच्छ ठेवायची. रिंगांसकट, डॉक्टरांनी सांगितलं तसं पायावर वजन टाकून चालायचं. हाड भरल्यावर ते पक्कं व्हायला त्याहून जास्त दिवस लागतात, तोवर धीर धरायचा.

फेलो असताना घरच्यांना हे सगळं शिकवायचं काम माझ्याकडे असे. तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसली. रुग्ण पुरुष असला की बायको दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर. कुठला नट, किती वाजता, सगळं लिहून घ्यायची. काही जणींना वाचता येत नव्हतं, त्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायच्या. आणि रुग्ण बाई असली की शिकायला कोण? तीच. स्वतःच वाकून, स्वतःच्या पायाचा पाना स्वतःच फिरवायची. तोही स्वयंपाक, पाणी, गुरं यांतून वेळ मिळाला तर. तिच्या उपचाराचा नंबर घरात सगळ्यात शेवटी, तिच्या ताटासारखाच.

दुसऱ्यांना कशाला बोल लावू? मी एमएसच्या पहिल्या वर्षाला असताना माझ्या आईचं मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून दिलं आणि ती सहा आठवडे त्याच हाताने भाकरी थापत होती. मी सुट्टीला घरी गेले, गरम भाकरी खाल्ली आणि परत आले. हाडांची डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीने! आईचं मनगट आजही वाकडं आहे. ती कधी बोलत नाही. मला मात्र दिसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. घरातल्या बाईच्या पायाला रिंगा बसल्या, तर दवाखान्यातून घरी जाण्याआधी घरातल्या आणखी एका माणसाने पाना फिरवायला शिकलंच पाहिजे. नवरा, सासरे, दीर, मोठा मुलगा, कुणीही. डॉक्टरांनीही तसा आग्रह धरावा. आणि बाईनेही "राहू द्या, मी करते" म्हणू नये. हे लाड नव्हेत. औषधाची गोळी चुकवू नये तसंच हे.

ओघात आणखी दोन-चार गोष्टी सांगते, लक्षात ठेवा.

हाड बाहेर आलं तर हळद, चुना, माती काही लावू नका. स्वच्छ धुतलेल्या कापडाने झाका, पाय आहे तसा आधार देऊन बांधा, पण करकचून नाही. १०८ला फोन करा, ही रुग्णवाहिका २०१४पासून महाराष्ट्रात आहे. अँटिबायोटिकचं इंजेक्शन जितकं लवकर, शक्यतो पहिल्या तासाभरात मिळेल, तितका पाय चिघळण्याचा धोका कमी. मदत करणाऱ्यांनी पोलिसांच्या भीतीने मागे हटू नये. २०१९च्या कायद्यातल्या दुरुस्तीने त्यांना संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही.

कडबाकुट्टीत बोट किंवा हात तुटला तर तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तो भाग थेट बर्फात नको.

बांबूच्या पट्ट्यांनी किंवा प्लॅस्टरने आवळलेला हातपाय असह्य ठणकू लागला, बोटं बधिर पडली, तर सकाळची वाट बघू नका. काही तासांत हात कायमचा निकामी होऊ शकतो.

आणि मिसरी! "तंबाखू खाता का?" विचारलं की आपल्याकडच्या बायका ठामपणे नाही म्हणतात. मिसरीला कुणी तंबाखू समजतच नाही. पण त्यातही तंबाखूच असते आणि तिने हाड भरायला उशीर होतो. रिंगा असेपर्यंत तरी सोडा. सुटली ती सुटली!

त्या ताईचं पुढे काय झालं? हाड पुन्हा कापावं लागलं. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके. या वेळी मी तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. "मला रक्त बघवत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "दादा, रक्त नाही बघायचं. हा पाना तेवढा बघा."

त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "हा तर दहा नंबरचा पाना! माझ्या गाडीच्या डिकीत असतो की."

दहा मिनिटांत शिकले. रिंगा काही दिवाळीच्या आत निघाल्या नाहीत, पुढच्या आषाढात निघाल्या. ती आता शेतात जाते. चालताना किंचित लंगडते, पण स्वतःच्या दोन्ही पायांवर.

गाडीच्या डिकीत दहा नंबरचा पाना तर घरोघरी असतो, मैत्रिणींनो. वेळ आलीच, तर तो आपल्यासाठी हातात घ्यायला सांगायला लाजू नका.